हातांत देव होता म्हणून

आमची रेणू डॉक्टर झाली तेव्हा मी कोलकात्यात बागबाजारपासून हावड्यापर्यंत पेढे वाटले. पुलाच्या खांबांनी तोंड उघडलं असतं तर त्यांनाही भरवले असते. का नाही वाटायचे? दोनदा प्रवेश हुकला, तरी पोर हटली नाही. वर्षानुवर्षं पुस्तकांत अशी बुडाली की घरातला आरसाही तिचा चेहरा विसरला होता. आणि नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात तिच्या वॉर्डात एक वृद्ध गृहस्थ दगावले. चूक कुणाचीच नव्हती, तिचे वरिष्ठही तेच म्हणाले. पण रेणू घरी आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. "बाबा, मला नाही जमणार. राजीनामा देते." थापा मारून दगडालाही हसवणारा मी, पण त्या रात्री तिच्या उशाशी पेजेची वाटी ठेवून बाहेर आलो.

दीड दिवसाचा गणपती आला. आरती मी घसा फोडून म्हटली. आतून मात्र विचारत होतो, ऐकतोस तरी का रे?

विसर्जनाला तिला बळेच घाटावर नेलं. मूर्तीचा पाट माझ्या दोन्ही हातांत. पायऱ्यांवर सुतकाचं पांढरं वस्त्र गुंडाळलेला, दाढी वाढलेला एक तरुण होता. रेणू थबकली. "बाबा, वॉर्डात गेले ना, त्यांचाच मुलगा." तो तडक आमच्याकडे निघाला. डॉक्टरांना मारहाण झाल्याच्या बातम्या वाचतोच आपण. माझं रक्त असं उसळलं की हुगळीची भरती फिकी पडावी. हात मोकळे असते तर ढकललाच असता त्याला. पण हातांत देव. ठेवू कुठे, चिखलात?

तो रेणूपुढे थांबला. बंगालीत म्हणाला, "डाक्तार-दिदी, शेवटी बाबा तुमचाच हात धरून होते. आई तिकडे बसलीय, तिला घेरी येतेय. जरा बघता?"

रेणू गेली. ओल्या पायरीवर बसून तिनं त्या माउलीची नाडी धरली, मुलाला शहाळं आणायला पिटाळलं.

"काही खाल्लं नाहीत ना मासिमा?"

"आता खाऊन दाखवू कुणाला?"

"मला दाखवा," रेणू म्हणाली, आणि दोघी रडल्या.

तिखटमीठ न लावता सांगतो: त्या माउलीचं दुःख तसूभर हललं नाही. रेणूही हसली नाही. दुसऱ्या सकाळी ड्युटीवर गेली, एवढंच. लेकीच्या आड यायची माझी घाई देवानं हात अडकवून थोपवली, असं मी मानतो. आता तिच्यासाठी काही मागत नाही. ती जिना उतरते, मी दारात उभा राहतो, आणि तिला त्याच्यावर सोडून आत येतो.