हमीदचाचांचे जोर

हमीदचाचा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते जोर मारता मारता. दिंद्रुडला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. मी दूध सोसायटीत नवा लिपिक. दंड दिसावेत म्हणून बाह्या दुमडून त्यांच्या दारात उभा होतो.

"लोखंड उचलतो म्हणं तू?" त्यांनी खालूनच विचारलं.

"हो."

"त्यापरीस हमाली कर. पोतं तरी जागचं हालंल."

सोसायटीच्या मागच्या खोलीत आम्ही सातआठ जण वजनं उचलायचो. चाचा तिला 'लोखंडाचा दवाखाना' म्हणत आणि आम्हाला 'फुगे'. साठीतही रोज पहाटेच्या नमाजानंतर त्यांचे शंभर जोर ठरलेले. "अल्लानं जमीन दिली, दोन हात दिले. अजून काय पायजे बे?"

एकदा मी त्यांना समजवायला गेलो. जोर मारताना भार तेवढाच राहतो. शंभराचे दोनशे केले तर दम वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. वजन मात्र थोडं थोडं वाढवत नेता येतं.

"लई वाचतो. उतर खाली."

पंचविसाव्या जोराला मी तोंडावर आपटलो. गिऱ्हाइकांसमोर चाचा म्हणाले, "हवा गेली." तेव्हापासून मीही त्यांना चहाच्या टपरीवर 'पाल' म्हणू लागलो. सदा जमिनीला चिकटलेली. ते त्यांच्या कानावर जाईल, याचीही काळजी घेतली.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. सोसायटीने माळावर चारा छावणी उघडली, खोलीतले आम्ही सगळे तिथे राबायला. एका सकाळी तिथे कौसाबाईंची गाभण गाय बसली ती उठेना. अशक्त जनावर बसून राहिलं की हातचं जातं. पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला आलेले चाचा पुढे झाले. "फुग्यांनो, सरका."

त्यांनी खांदा लावून रेटलं. गाय नुसती सरकली. मग वाकून मागून उचलायला गेले आणि कंबर धरून धुळीत बसले. माझ्या ओठांवर 'पाल' आलंच होतं. पण कौसाबाई गाईचं तोंड मांडीवर घेऊन रडत होत्या.

आम्ही पोटाखालून गोणपाट घातलं. दोन्ही बाजूंनी चौघे चौघे, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून एकदम उठलो. गाय उभी राहिली आणि लगेच एका अंगाला कलंडू लागली. चाचा कसेबसे उठले, दोन्ही तळवे तिच्या कुशीला लावून उभे राहिले. तिचे पाय ठरेपर्यंत हलले नाहीत. "बगता काय बे, पाणी आणा!"

कंबर बरी झाल्यावर ते खोलीत आले. वजनांकडे त्यांनी किळसवाण्या चीजेकडे बघावं तसं बघितलं.

"हे खालून कसं उचलायचं, दाव."

मी दाखवलं. त्यांनी शिव्या देत उचललं, खाली ठेवलं.

"त्या दिशी हसला न्हाईस तू. कावून?"

"हसू आलं होतं, चाचा."

"मग?"

"कौसाबाई रडत होत्या."

चाचांनी तळवे एकमेकांवर घासले. मग सळईकडे बोट दाखवून म्हणाले, "अजून थोडं वजन घाल."