कोळंबीत केचप

सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोह्याजवळच्या मेसईदला एका कारखान्याचं बांधकाम चालू होतं. साहेब जपानी, वेल्डर-फिटर आपले, आणि मी कॅम्पच्या मेसचा स्टोअरकीपर, मूळचा अलिबागचा. जपान्यांच्या जेवणासाठी एजंटाने एक चिनी खानसामा पाठवला होता. चिनी आणि जपानी एकच, असं त्या एजंटाचं ज्ञान. शिवाय हा चिनी जन्मला कलकत्त्यात; चीन त्याने माझ्याइतकाच पाहिला होता, नकाशात. माझ्याशी तो हिंदीत बोलायचा, शिव्या बंगालीत द्यायचा.

पहिलं भांडण करंज्यांवरून झालं. पिठाच्या पारीत कोंबडीचा खिमा भरून तो त्या उकडायचा आणि तेच पूर्ण जेवण मानायचा. जपान्यांना त्या पातळ पारीच्या, तव्यावर एका बाजूने खरपूस केलेल्या, आणि वर भाताबरोबर हव्या होत्या.

"पोळीशी पाव खाणारी माणसं आहेत ही," तो मला म्हणाला.

मग कोळंबी आली. लाल मिरची, लसूण आणि आल्यात परतलेली कोळंबी हा त्याचा अभिमान. जपानी फोरमन, पन्नाशीचा अतिशय नम्र गृहस्थ, एक घास खाऊन कमरेत वाकला. "फार छान. थोडी तिखट." दुसऱ्या दिवशी खानसाम्याने मिरची दुप्पट केली. मी बघत होतो, थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. तीस माणसांनी नाक पुसत ताटं साफ केली, आभार मानले आणि पुढचे तीन दिवस मेसकडे फिरकली नाहीत. खोल्यांत पाकिटातल्या शेवया उकळून खात होती.

कॅम्प बॉसने खानसाम्याला निरोप धाडला, "जमत नसेल तर नोकरी खलास."

शुक्रवारी फोरमन स्वतः स्वयंपाकघरात आला. काखेत केचपची बाटली. त्याने स्वतःच कोळंबी परतायला घेतली. मिरची चिमूटभर, केचप भरपूर, आणि वर दोन चमचे साखर. कोळंबीत साखर! आमच्याकडे एवढ्यावरून सून माहेरी पाठवली असती. खानसामा तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

फोरमनने बशी पुढे केली. खानसाम्याने एक कोळंबी खाल्ली, मग दुसरी, मग बशी घेऊन स्टुलावर बसला.

"हे चिनी नाही," तो शेवटी म्हणाला.

"कलकत्त्यात तुम्ही हिरवी मिरची ठेचून घालता, ते चिनी आहे?" मी विचारलं.

"ती आम्ही आमच्या मर्जीने घातली."

"साखर त्यांनीही त्यांच्याच मर्जीने घातलीय."

तिसऱ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "केचपच्या सहा बाटल्या काढ."

हळूहळू दोघांचं जमलं. फोरमन दर आठवड्याला मिरची किंचित वाढवू द्यायचा, खानसामा साखर किंचित कमी करायचा, आणि दोघंही जणू तह करतोय अशा चेहऱ्याने चाखायचे. काम संपलं तेव्हा फोरमनने पुढच्या देशातल्या साइटसाठी नेमका हाच माणूस मागून घेतला.

दोहा विमानतळावर मी खानसाम्याच्या निरोपाला गेलो होतो. हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, आणि नेमका तेव्हाच तो कमरेत वाकला. माझी बोटं त्याच्या कपाळावर आपटली. त्याने बंगालीत एक शिवी दिली आणि आत गेला.