हात किती वाजता उठतो?

आमच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर ‘इतर निरीक्षणे’ असा एक रिकामा चौकोन असतो. बाकीचे आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात, या चौकोनात लिहिलेलं मात्र कुणी वाचत नाही. मी नांदेडहून मुखेडच्या बाजूच्या गावांत बरीच वर्षं फिरतेय आणि माझ्याकडचे सगळे किस्से या चौकोनातले आहेत. विषय निघाला की एकेक बाहेर येतात.

काम आमचं एका वाक्यात सांगता येतं. लहान मुलांना घरात मार बसू नये, त्यांची आबाळ होऊ नये, यासाठी संशोधनातून जे कळलंय ते आईबापांपर्यंत पोचवायचं. सांगायला सोपं आहे.

* * *

पहिला सर्व्हे. आमच्या प्रमुख म्हणजे लातूरच्या डॉक्टर मॅडम. मुलांच्या मानसशास्त्रात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी प्रश्न काढून दिले आणि मी गावात गेले. सगळ्या आया एका जागी कुठे भेटणार? अंगणवाडीत, पोषण आहाराची पाकिटं वाटतात त्या दिवशी. मी माझ्याच हुशारीवर खूश! रांगेशेजारी टेबल टाकलं आणि विचारत सुटले, "मागच्या महिन्यात मुलावर हात उचलला का?"

न्हाई. न्हाई. कधीच न्हाई.

चार गावं फिरले. एकाही आईनं पोराला बोट लावलेलं नव्हतं. मॅडमनी कागद चाळले, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "मग आपण इथे कशाला आलोय? जगानं यांच्याकडे शिकायला यायला पाहिजे."

हातात पाकीट पडायचं असताना ‘हो’ कोण म्हणेल? हे मला त्यातल्याच एका गावच्या आशा कार्यकर्तीनं, कमलताईनं सांगितलं. तेसुद्धा मी विचारलं तेव्हा.

* * *

कमलताई दहावीपर्यंत शिकलेली. सगळ्या गावातल्या गरोदर बायांना दवाखान्यात नेणारी, पोरांना डोस पाजणारी बाई. ती म्हणाली, "मॅडम, ‘मारता का’ इचारलं की बाई आरोपी होती. ‘हात किती वाजता उठतो’ असं इचारून बघा."

मग आम्ही घरोघर गेलो. कमलताई समोरच्या बाईबरोबर तूर निवडायला बसायची आणि निवडता निवडता सहज विचारायची. उत्तरं भराभर आली.

"दिवे लागायच्या टायमाला."

"सांजच्याला, भाकरी थापताना."

"रानातून आल्या आल्या. सासू बोलून राहती, पोरं भुकेली असतेत, अन् त्यातच ह्यानं घागर लवंडली."

मॅडमनी सगळी उत्तरं एका मोठ्या कागदावर मांडली. दिवसभराचा कागद जवळपास कोरा, आणि संध्याकाळच्या त्या एका तासात खुणांची नुसती गर्दी. "थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाचा हात लवकर उठतो, हे मी इतकी वर्षं शिकवत आले," मॅडम म्हणाल्या. "वेळ विचारायचं मला कधी सुचलं नाही."

* * *

हा कागद मी आधी घरी लेकीला दाखवला, मग तो घेऊन गावोगाव ट्रेनिंग दिलं. हात उठायच्या आधी दहा पावलं लांब जा, पाणी प्या, पोराला दुसऱ्याकडे द्या, असं सगळं. एकदा दिवसभर हेच शिकवून एसटीनं उभ्यानं नांदेडला आले. घरात शिरते तर सहावीतल्या लेकीनं सगळ्या ओट्यावर दूध सांडलेलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

ती रडली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "आई, किती वाजलेत बघ."

सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. मला तिच्यासमोर इतकी लाज वाटली की मी ओटा पुसायच्या निमित्तानं तिच्याकडे पाठ केली.

* * *

कमलताईच्याच गावात सुनीता राहते. नवरा ऊसतोडीला गेला की सहा-सहा महिने बाहेर, घरात ती, सासू आणि चार वर्षांची पायल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सासू बाजारला गेली होती आणि पायल एकटीच अंगणात, पायाला जुन्या लुगड्याची गाठ, दुसरं टोक बाजेला. आमच्या पुस्तकात याला आबाळ म्हणतात. माझं डोकं फिरलं. मी गाठ सोडली आणि सुनीता रानातून यायची वाट बघत बसले, चांगलं सुनवायचं म्हणून.

ती आली. विळा खाली ठेवला. तिनं आधी गाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सोडली का? बरं झालं. घराच्या मागं हीर हाय, कठडा न्हाई. उद्या मी खुरपायला गेल्यावर तुम्हीच बसा हितं."

मी घरामागे जाऊन विहीर बघून आले. परत आले तेव्हा सुनवायला काही उरलं नव्हतं.

पायलच्या दंडावर मात्र काडीचे वळ होते. ते काही विहिरीमुळे नव्हते. सुनीतानं ते पदरानं झाकायचा प्रयत्न केला.

* * *

मॅडम स्वतः आल्या. वळ बघितले आणि सुनीताला समोर बसवून काहीही न लपवता म्हणाल्या, "पुन्हा अशी खूण दिसली तर मला बालकल्याण समितीला कळवावं लागेल."

"घेऊन जातेल का तिला?"

"तसंही होऊ शकतं."

सुनीतानं पायलला मांडीवर ओढून घेतलं. वळ उठवणारे हातही तेच होते.

उपाय कमलताईकडे होता. तिच्या गल्लीतल्या बुद्धविहारात ती दिवेलागणीला तासभर पोरं जमवायची. गोष्टी, गाणी, मूठभर मुरमुरे. तेवढ्यात आयांच्या भाकऱ्या व्हायच्या. पायललाही पाठवा म्हणून आम्ही दोघी सुनीताच्या घरी गेलो. सासू दारातूनच म्हणाली, "आमच्या घरची पोर तिकडं जायची न्हाई."

सुनीता खाली मान घालून उभी होती. कमलताई आल्या पावली वळली. तिच्या गल्लीच्या वाटेला लागल्यावर म्हणाली, "ह्याच पायलच्या बाळंतपणाला दवाखान्यात जाताना रिक्षात म्हातारीनं माझा हात सोडला नव्हता. तवा चाललं." मी नुसती तिच्याबरोबर चालत राहिले.

* * *

पुढच्या महिन्यात मी विहारात बसले होते. दिवे नुकतेच लागलेले, पंधरा-वीस पोरं, कमलताईची गोष्ट रंगात आलेली. तेवढ्यात पोरांच्या माना दाराकडे वळल्या.

सुनीता. मोठ्या रस्त्यानं, पारावरच्या माणसांसमोरून, पायलला कडेवर घेऊन ती सगळं गाव ओलांडून आली होती. मनगटापर्यंत ज्वारीचं पीठ. मी आधी पायलचे दंड बघितले. नवा वळ नव्हता.

"ताई, हिला ठिवून घ्या," ती कमलताईला म्हणाली. "हात उठला व्हता. वरच धरला अन् आले."

कमलताईनं पायलला खाली घेतलं, तिच्या ओंजळीत मुरमुरे टाकले. पायल पोरांमध्ये जाऊन बसली.

"जा तू," कमलताई म्हणाली. "भाकरी झाल्या की ये न्यायला."

सुनीता गेली नाही. पायरीखाली तशीच उभी राहिली. हातावरचं पीठ वाळून पडत होतं.

"ताई," ती म्हणाली, "मी बी बसू का जरा?"