तख्तापुढच्या चपला

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो. तेवढा निर्लज्ज आहे मी.

मूळचे आम्ही चाकणजवळच्या खेड्यातले. जमिनीवर कंपनी आली, आमचा निगडीत बंगला झाला आणि मी 'व्हय'चं 'हो' केलं. एवढीच माझी प्रगती! आई लहानपणीच गेली; मला वाढवलं ते वहिनीनं. डोक्यातल्या उवा काढण्यापासून परीक्षेला डबा देईपर्यंत — सगळं तिनंच. म्हणून तिला सहलीला नेलं म्हणता? छे! बायकोला ऐनवेळी सुट्टी मिळेना, तिकीट फुकट जाईल म्हणून नेलं.

सहलीतली मंडळी तर काय सांगू! आठ दिवस उत्तर भारत हिंडली आणि बोलली फक्त भाजीतल्या मिठाबद्दल. असल्या लोकांत मला वजन हवं होतं. डोंबलाचं वजन! वहिनीला मी बसमध्ये पार मागं बसवायचो, त्यामुळे ती माझी कोण, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

शेवटचा दिवस दिल्लीचा. लाल किल्ल्यात बादशहाच्या तख्तासमोर पोचलो, तर वहिनीनं चपला काढल्या. रायगडावर महाराजांच्या सिंहासनापुढं काढतो ना आपण, तशाच. वर सगळ्यांना दटावलं, "चपला काढा की! राजाची गादी हाय न्हवं?"

सगळे खो-खो हसले. मोगलाला मुजरा का हो मावशी, असंही कुणी म्हणालं. ती ओशाळून माझ्याकडे बघत राहिली. मी काय करायला हवं होतं? चपला काढून तिच्या शेजारी उभं राहायचं — एवढंच ना? तेवढ्यात सहलीतल्या एका बाईंनी विचारलं, या तुमच्या कोण?

"आमच्याकडे कामाला असतात," मी म्हणालो.

हळूच म्हणालो — पण तिनं ऐकलं. बाईंना तेवढ्यानं भागेना. त्यांनी थेट तिलाच विचारलं, किती वर्षं झाली हो कामाला?

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. पायात चपला सरकवल्या.

"लय झाली. सायब एवढुसं व्हतं तवापासनं."

आणि माझ्या हातातली बॅग घेतली.

विमानतळावर, टॅक्सीतून उतरताना, निगडीच्या फाटकापर्यंत ती बॅग तिच्याच हातात होती. जड होती. मी मागितली नाही.