वहीत नसलेला नवरंग

कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा वास सुटला की तो चैत्र आठवतो. महिनाभर रोज सकाळी परसात आणि रविवारी येडशीच्या अभयारण्यात आम्ही नवरा-बायको पक्षी पाहत होतो. दोघांनी पाहिलेलाच पक्षी वहीत लिहायचा, हा माझा नियम. एके सकाळी ती धावत आत आली. "नवरंग आलाय, लिंबाखालच्या पाल्यात. चला लवकर." मी चष्मा शोधून पोचेपर्यंत तो उडाला होता. "लिहा तरी," ती म्हणाली. "मला कुठं दिसला?" "मग मी खोटं बोलते व्हय? घरातबी मास्तरच तुम्ही." मी लिहिलं नाही. त्यानंतर तिनं मला एकही पक्षी दाखवला नाही, आणि पुढच्या चैत्रापर्यंत ती राहिली नाही. आज त्याच पाल्यात मला नवरंग दिसला. नियमाप्रमाणे आता तो लिहिता येईल. वही उघडी आहे, पण लिहिलं हे सांगायचं कुणाला?