सैल राहिलेली पिन

आजारी असतानाही दादानं आमच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड स्वतःच बसवलं. मी मदतीला सरसावलो, तर म्हणाला, "राहू दे, जमतंय मला."

त्याच उन्हाळ्यात तो गेला. त्याचा अर्धवट राहिलेला गेम मी रोज थोडा खेळायचो. एका दुपारी जळका वास आला. कार्डाला वीज देणारी पिन वितळून आतच चिकटली होती.

कुंभारीहून सोलापुरात नेऊन दाखवलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "ही नवी कार्डं लई करंट ओढतात की. बसवणाऱ्यानं पिन नीट दाबली न्हाय."

दादाच्या बोटांत तेव्हाच जोर उरला नव्हता, आणि त्यानं ते आम्हाला कळू दिलं नव्हतं.

आईनं विचारलं, "कशानं जळालं रे?"

"लाइट कमी-जास्त झाली," म्हणालो आणि मोरीत जाऊन रडलो.