डॉक्टरांच्या फटफटीचा लाल दिवा

वाशीमकडच्या मालेगावात माझं शिलाईचं दुकान होतं आणि त्याला लागून हनीफभाईचं गॅरेज. मधे एक बाकडं. माणसं तिथं कामाला यायची आणि एखादी गोष्ट ठेवून जायची. शिंप्याच्या पायाशी चिंध्या साठतात ना, तशा या गोष्टी साठतात. एक उचलली की तिला अडकून दुसरी वर येते! आमच्याकडच्या निम्म्या गोष्टी तर एकाच फटफटीच्या मागच्या दिव्याच्या आहेत.

पन्नास सालानंतरचा काळ. फटफटी होती साठे डॉक्टरांची. म्हणजे ढोरांचे डॉक्टर. साताऱ्याकडचे, बदली होऊन इकडे आलेले. गावोगाव गाई-म्हशी तपासत हिंडायचे.

* * *

एकदा रस्त्यात वासरू आडवं आलं. डॉक्टरांनी करकचून ब्रेक मारला. मागून पुंजाजीची रिकामी बैलगाडी धावत येत होती. गाडीचं जू थेट डॉक्टरांच्या पाठीत!

डॉक्टर कळवळत उठले. "अरे, मी थांबलो ते दिसलं नाही का तुला?"

पुंजाजी रडकुंडीला आला होता. पण बोलला खरं तेच. "कसं दिसन सायेब? बैल थांबला तं निदान शेपटी हालवते. तुमची फटफटी काहीच करत नाही!"

पाठ चोळत डॉक्टर गॅरेजात आले ते हाच निरोप घेऊन. "हनीफभाई, हिला शेपटी लावा."

* * *

हनीफभाईनं मागचा दिवा खोलला. सुपारीएवढा दिवा, त्यावर पत्र्याची टोपी, टोपीला बारीकशी फट.

"ये गाडी कहां से ली, डागदर साब?"

"पलटणीच्या लिलावातून."

हनीफभाई बाकड्यावर बसून पोट धरून हसायला लागला. "अरे, ये दिया दिखाने के वास्ते नहीं है! दुश्मनले दिसू नये म्हणून बनवला हाये!"

* * *

नवा दिवा होईपर्यंत डॉक्टरांनी हात वर करायचं ठरवलं. थांबायच्या आधी उजवा हात उंच. मागच्याला समजेल, असा हिशेब.

पण ढोरांचा डॉक्टर म्हणजे सगळ्या मुलखाचा सोयरा. डॉक्टरांनी हात वर केला की मागचा गाडीवानही कासरा सोडून दोन्ही हात जोडायचा. "रामराम, डॉक्टरसायेब!"

आणि पुन्हा पाठीत जू.

* * *

मग कमलवहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, हे काम अंगावर घेतलं. माझ्याकडून लाल मांजरपाटाचा एक रुमाल शिवून घेतला. डॉक्टरांबरोबर बाहेर निघाल्या की मागे बसून जायच्या. डॉक्टर ओरडायचे, "थांबतोय!" की वहिनींचा रुमाल वर.

एकदा दोघं अनसिंगहून लग्न आटोपून येत होते. मालेगावच्या अलीकडं एका मोटारीनं त्यांना हलकाच धक्का दिला. कोणाला लागलं नाही, पण मागे बांधलेला लाडवांचा डबा फुटला. डॉक्टर फटफटी ढकलत आमच्याकडे आले. मागून वहिनी, रुमाल मुठीत गच्च.

मी विचारलं, "वहिनी, रुमाल दाखवला नाही काय?"

"ते ‘थांबतोय’ म्हणालेच नाहीत."

"काहून?"

"लग्नघरापासून आमचं बोलणं बंद आहे!"

हनीफभाई खालमानेनं फुटलेले लाडू गोळा करत म्हणाला, "टेलरमास्तर, आता दिवाच लागते. या दोघायच्या संसाराच्या भरवशावर फटफटी चालणार नाही."

* * *

दिवा व्हायला लई दिवस लागले. पहिला कंदिलाच्या काचेचा, तो खड्ड्यात फुटला. दुसऱ्याचा पत्रा इतका तापला की लाल रंगच वितळला. शेवटी भंगारात आगगाडीच्या जुन्या बत्तीची जाड लाल काच मिळाली. बशीएवढी! उजेड मागे फेकायला काहीतरी चकचकीत पाहिजे होतं. वहिनींनी घरातली नवी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी आणून दिली. डॉक्टरांनी ब्रेकच्या दांडीला स्प्रिंग बसवायची युक्ती सांगितली, हनीफभाईनं तारा ओढल्या. पाय दाबला की दिवा लागला, उचलला की विझला.

भर उन्हात आम्ही सगळे मागे उभे राहिलो. डॉक्टर निघाले, ब्रेक दाबला. लालबुंद! आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण ज्याची गाडी त्यालाच तो दिवा दिसेना. डॉक्टरांना राहवेना. पुढच्या वेळी ब्रेक दाबून ते मान वळवून मागे पाहायला गेले आणि फटफटीसकट समोर भाजी विकत बसलेल्या रहेमतबीच्या टोपल्यांत!

रहेमतबी डोक्याला हात लावून बोलली, "बाप्पा, मागच्यायले तं दिसला. आता पुढच्यायनं काय करावं?"

* * *

मग डॉक्टरांना सवयच लागली. रोज सकाळी घरून निघाले की मारुतीच्या देवळाच्या वळणावर एकदा ब्रेक दाबायचे. वहिनी दारात उभ्या राहून दिवा पाहायच्या आणि मग आत जायच्या.

हनीफभाईला हे पटायचं नाही. "साब, त्या वळणावर ना गाडी, ना ढोर. ब्रेक कायले मारता?"

"दिवा लागतो का ते बघायला."

"वहिनी काय सांगतात मग?"

डॉक्टर लाजले. "आम्ही त्या विषयावर बोलत नाही."

* * *

आता ही शेवटची सांगतो.

हनीफभाईची मुलगी शमीम केनवडला दिलेली. तिचे दिवस भरले आणि बाळ अडलं. सुईण म्हणाली, वाशीमच्या दवाखान्यात न्या. पहाट झाली होती, पण धुक्याची धुई अशी की हात लांब केला तर पंजा दिसेना. रस्त्यावर एक सरकीचा ट्रक उभा होता, त्यात तिला निजवलं. निरोप मिळाला तसा हनीफभाई इकडून मिळेल त्या गाडीनं वाशीमला पळाला. पोहोचला तेव्हा शमीम दवाखान्यात होती. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दोन दिवसांनी हनीफभाई परतला. सगळ्यांना खडीसाखर वाटली. "तो ट्रकवाला फरिश्ता होता," म्हणाला. "एवढ्या धुईत कशी आणली असन गाडी!"

तेवढ्यात डॉक्टर फटफटी घेऊन आले. "हनीफभाई, मागचा ब्रेक लागत नाही."

हनीफभाईनं चाक खोललं. आतलं लायनिंग जळून कोळसा झालेलं. तो चिडलाच.

"हे काय केलं साब? पूरा रस्ता ब्रेकवर पाय ठेवून चालवली काय?"

"हो. केनवडपासून वाशीमपर्यंत."

"पण काहून?"

"मी तिथं रात्री एका गाईसाठी गेलो होतो. सकाळी धुईत ट्रकवाल्याला रस्ता दिसेना. म्हटलं, मी पुढं चालतो, माझ्या दिव्याच्या मागे मागे ये. आणि ब्रेक दाबल्याशिवाय तो दिवा लागत नाही ना."

हनीफभाईचा हात थांबला. "कोणता ट्रक?"

"तुमची शमीम होती त्यात."